लाईट जाणार नाही

अमरावती,
१८ नोव्हेंबर २०२४

कुलदीप,

फोन उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं थंड. म्हणून कागदावर लिहिते आहे. आपली फर्म सोडून अकोल्यात महादेवरावांच्या कंपनीत मोठ्या टेबलामागे बसतोस म्हणतात, तेव्हा कुरिअरवाल्याकडून पाकीट तरी घ्यावंच लागेल तुला.

खारखेडची बातमी तुला कळली नसेल हे शक्यच नाही. पाणी योजनेचं कंत्राट तुमच्याच कंपनीचं आणि वॉल्व्हचा प्रोग्राम आपल्या फर्मनं करून दिलेला. तरी एकदा माझ्या तोंडून ऐक. दिवाळी झाल्यावर गावातली उंच टाकी धुवायला काढली होती. डोमाजी आत उतरून ब्लीचिंग पावडरनं तळ घासत होते आणि त्यांचा जोडीदार नत्थुजी वर झाकणाशी दोर धरून बसला होता. मध्येच टाकीत पाणी सोडणारा वॉल्व्ह आपोआप उघडला. तेवढ्या मोठ्या पाइपाचं पाणी अंगावर आलं तर माणसाचं काय होतं हे तुला सांगायला नको. डोमाजी भिंतीवर आपटले आणि खुब्याचं हाड मोडलं. नत्थुजीनं दोरानं वर ओढलं म्हणून जीव राहिला.

आपण दोघं पहिल्यांदा खारखेडला गेलो तो दिवस आठव. आपली रीत ठरलेली होती. प्रोग्रामची एकही ओळ लिहिण्याआधी, जो तिथं रोज काम करतो त्यालाच विचारायचं, काय कधीच व्हायला नको? बहुतेक लोक त्यांना काय हवं तेच सांगत बसतात. डोमाजींनी लगेच सांगितलं, "मी टाकीत असतानी पानी नाई आलं पायजे. बाकी तुमचं तुमी पाहा." तू हसलास आणि वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलंस. त्यावरूनच ती चावी आली. टाकीखालच्या पॅनलमधली चावी काढून खिशात घालायची आणि मग वर चढायचं. चावी बाहेर असेल तोवर अकोल्याच्या कंट्रोल रूममधून कुणी कितीही बटणं दाबली तरी वॉल्व्ह उघडणार नाही.

टेस्टिंगवाले पन्नास वेळा चावी काढून बघतात आणि ठीक आहे म्हणतात. आपण म्हणायचो, एक्कावन्नाव्या वेळेचं काय? म्हणून तर सगळं गणितात मांडून, गोष्टी कुठल्याही क्रमानं घडल्या तरी वॉल्व्ह उघडूच शकत नाही, हे आपण सिद्ध करून द्यायचो. एकानं प्रोग्राम लिहायचा, दुसऱ्यानं सिद्धता करायची आणि सही सिद्धता करणाऱ्याची. खारखेडचा प्रोग्राम तुझा आणि सही माझी.

चौकशीवाल्यांनी मला अकोल्याला बोलावलं होतं. साहेबांनी आपला रिपोर्ट पुढे ठेवून विचारलं, "हे गणिताने सिद्ध केलेलं आहे, बरोबर?" मी मान ताठ करून हो म्हणाले. म्हणजे चावी बाहेर असताना वॉल्व्ह उघडणं अशक्य? मी म्हणाले, अशक्य. त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. आता निष्कर्ष असा निघतो आहे की डोमाजी चावी काढायला विसरले, आणि पाणी आल्यावर नत्थुजीनं पळत खाली येऊन ती काढली नि त्यांच्या खिशात टाकली. पॅनलच्या नोंदीतही वॉल्व्ह उघडला त्या क्षणी चावी जागेवरच दिसते. दोघांनाही कामावरून कमी करायचं चाललं आहे.

तिथून मी सरकारी दवाखान्यात गेले. डोमाजींनी पडल्यापडल्या जयभीम केला. त्यांच्या बायकोनं, इंदूबाईंनी, बाजूच्या बाईला सांगितलं, "आपली पोरगी हाये, इंजिनेर हाये मोठी." त्यांनी थर्मासमधला चहा मला दिला. तो पिऊन मी त्या माणसाला म्हणाले, काका, चावी विसरली असेल, होतं असं कधीकधी. ते म्हणाले, "मॅडम, चावी माह्या खिशात होती. लाईट गेली होती. लाईट आली अन् पानी आलं."

बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी स्वतःला सांगत होते की म्हातारा माणूस घाबरला, गोंधळला. पण ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. मी बाबांच्या बायपाससाठी नागपूरला गेले तेव्हा लाईट जाण्या-येण्याचाच भाग सिद्ध व्हायचा राहिला होता. तो तू पूर्ण केलास. कसा केलास तेवढं सांग. चार ओळी लिही, नाहीतर फोन कर. मला नीट झोप लागू दे.

दीपमाला


अमरावती,
३ डिसेंबर २०२४

कुलदीप,

तू लिहिलं नाहीसच. मीच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खारखेडची सिद्धता उघडली आणि तुझी ओळ मला सापडली.

मराठीत करून लिहिते, म्हणजे तुलाही एकदा वाचता येईल: चावी बाहेर असेल तोवर लाईट जाणार नाही, असे मानावे.

शाब्बास! वऱ्हाडात लाईट जाणार नाही! जिथं बाई दळणाचा डबा डोक्यावर घेण्याआधी पोराला गिरणीवर पाठवून लाईट आहे का ते पाहायला सांगते, तिथं तू हे मानलंस. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसानं मानलं असतं तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय माहीत. तू तर बार्शीटाकळीचा. परीक्षेच्या काळात तुझ्या घरी लाईट नसायची म्हणून तू कॉलेजच्या वाचनालयात येऊन बसायचास.

तुझी ओळ काढून सिद्धता तपासणारं टूल पुन्हा चालवलं. क्षणात लाल झालं, म्हणजे सिद्धता मोडली, आणि कशी मोडते ती वाट त्यानं दाखवली. चावी बाहेर. लाईट गेली. लाईट आली. प्रोग्राम नव्यानं सुरू झाला आणि खरी चावी वाचण्याआधी तो धरून चालला की ती जागेवर आहे. अकोल्याचा आधीचा 'उघड' असा हुकूम रांगेत उभाच होता. वॉल्व्ह उघडला. त्यानंतर चावी वाचली गेली, पण तो दांडगा वॉल्व्ह एकदा उघडायला लागला की मध्ये थांबत नाही. डोमाजींनी दवाखान्यात सांगितलं तेच, त्याच क्रमानं. म्हणजे ही वाट टूलनं तेव्हा तुलाही दाखवली होती. तू पाहिली होतीस, आणि मग ही ओळ लिहिलीस.

का लिहिलीस तेही कळलं. दुरुस्ती छोटीच होती, पण ती केली की टाकी वेळेत भरण्याची सिद्धता मोडत होती आणि तिथून सगळं पुन्हा मांडावं लागत होतं. उद्घाटनाची तारीख ठरली होती. मंडपवाल्याला सांगून झालं होतं. तेव्हा गणितालाच सांगितलंस की तू जरा डोळे मीट.

आणि सिद्धता खोटी नाहीये, हे मला जास्त लागलं. लाईट जाणार नाही असं मानलं तर सगळं बरोबरच येतं. गणितानं त्याचं काम चोख केलं.

मी नागपूरला दवाखान्याच्या व्हरांड्यात होते. बाबांना नुकतंच आयसीयूमधून बाहेर आणलं होतं. तुझा फोन आला. "हिरवं आलं वं दीपमाला! सगळंच हिरवं! आता कायले टेन्शन घेतं, बाबाले पाय तू." मी तिथंच रडले. बाबांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, त्या गावातला माणूस आता टाकीत बुडणार नाही, बाबा. त्यांनी सलाईन लावलेला हात कपाळाला लावला. मी खाली जाऊन पेढे आणले आणि नर्सबाईंना वाटले.

सहीचंही समजलं. माझ्या डिजिटल सहीचं डोंगल ऑफिसच्या खणात असायचं, पिन तुला पाठ होता, कारण टेंडर भरताना कोण कुठे आहे याचा भरवसा नसतो. परत आल्यावर मी एकदा नजर घालायची असं ठरलं होतं. मी आले तेव्हा माझी सही होऊन रिपोर्ट गेलेला होता आणि तू गिला वडा मागवून ठेवला होतास.

मला फसवलंस तू. आणि तुझ्या त्या ओळीच्या भरवशावर मी डोमाजींना त्यांच्याच खाटेशी उभं राहून खोटं पाडलं. मला पुण्याची नोकरी सोडायला लावली कोणी? तूच रोज फोन करायचास, की ये, हे शिकलेलं आपल्याकडच्या पाण्याला, आपल्याकडच्या जिनिंगला लावून दाखवू. मी त्यावर आले. बाकी कुणाच्या सांगण्यावरून आले नसते.

दीपमाला


अमरावती,
१९ डिसेंबर २०२४

कुलदीप,

तुझा आवाजी मेसेज मिळाला. मी तो परत परत ऐकला, कारण मला वाटत होतं की कुठेतरी मध्ये तू 'चुकलं' म्हणशील. तुझे शब्द तुलाच लिहून पाठवते, पुढे मागे तू म्हणशील की असं बोललोच नाही. "अवं, गृहीतक मी लपवलं कुठं? रिपोर्टच्या शेवटच्या पानावर छापलं हाये ना. त्याईनं वाचलं नाई तर मी काय करू? सगळेच काई ना काई मानूनच चालतेत." आणि शेवटी, "अन् सही कोनाची हाये ते बी पाय एकदा."

पाहिली. माझीच आहे.

छापलं होतं हे खरं. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, चिन्हांमध्ये. ते वाचता येईल असे त्या सगळ्या प्रकरणात दोनच जण होते, एक तू आणि एक मी. मी तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून वाचलं नाही. कंपनीवाल्यांना वर 'सिद्ध' हा शब्द दिसला आणि त्यांचं काम झालं. प्रत्येक सिद्धता काहीतरी मानूनच चालते, हे तू मला सांगतोस? कॉलेजात नीलम मॅडमच्या त्या सिद्धतेच्या वर्गात आपण दोघंच होतो. बाकी सगळे जास्त पगाराच्या विषयाला गेले होते. मॅडम सांगायच्या की पूर्वी लोक पेन्सिलनं सिद्धता करत. पानभर प्रोग्रामला महिने लागायचे आणि बाकीची दुनिया हसायची. मग दवाखान्यातली यंत्रं चुकली, रॉकेटं पडली, तेव्हा हसणारेच दारात आले. मग टूल्स निघाली, कोट्यवधी वाटांमधली एकच वाकडी वाट शोधून देणारी. आता रेल्वेच्या सिग्नलला, विमानाला, चिपला हेच लावतात. मॅडम म्हणायच्या, गणित यंत्र करेल, पण काय मानायचं ते माणसानंच ठरवायचं, म्हणून तिथं लाज ठेवा. तू तेव्हा मान डोलावत होतास.

आता तर नुसतं तोंडानं सांगितलं की मशीनच प्रोग्राम लिहून देतं. परवा कॉलेजातली एक मुलगी मला विचारत होती, मॅडम, मग हे शिकून उपयोग काय? एरवी मी तासभर बोलले असते. म्हटलं असतं, की जो प्रोग्राम कुणी लिहिलाच नाही त्याला तपासायची गरज तर दुप्पट. पण त्या दिवशी मी विषय बदलला. तुझ्यामुळे.

मी खारखेडला जाऊन आले. डोमाजींना घरी आणलं आहे, ओसरीत खाट टाकली आहे. मी सगळं सांगितलं, प्रोग्राम चुकला होता, तुम्ही खरं बोलत होतात. मला वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "मले माहीतच होतं ना जी. मले कायले सांगता? त्या सायबाले सांगा." इंदूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी या वेळी चहा टाकला नाही. म्हणाल्या, "दवाखान्यात तुमी गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्यानं म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं वो बाई. आपल्याच पोरीनं म्हटलं." मी तिथून निघाले तेव्हा नत्थुजी नाक्यावर बसलेला होता. त्याला काम मिळत नाहीये, कारण गावात आता तो चोरून चावी काढणारा माणूस आहे.

चौकशीची शेवटची सुनावणी जानेवारीत आहे, अकोल्यात. मी पॅनल घेऊन जाणार आहे आणि सगळ्यांसमोर लाईट घालवून दाखवणार आहे. मला तुझ्याकडून एकच हवं आहे. तू ये आणि सांग की ओळ तू घातलीस. सहीचं काय व्हायचं ते होऊ दे, मी भोगेन. पण जी गोष्ट तू केलीस ती तुझ्या तोंडून यावी. एवढी मैत्री तरी आपल्यात होती असं मला अजून वाटतं.

दीपमाला


अमरावती,
११ जानेवारी २०२५

कुलदीप,

कालचा तुझा फोन अजून कानात आहे. तू फार काही बोललाच नाहीस, पण 'येतो' म्हणालास. मग म्हणालास, "महादेवराव नाराज होतील, होऊ दे." मी इतका वेळ भांडायची तयारी करून बसले होते की नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. म्हणून आता लिहिते. बरं वाटलं मला. फार बरं वाटलं.

बाबांना सांगितलं. त्यांचा तुझ्यावर पहिल्यापासून जीव. म्हणाले, "पोरगं वाईट नाई. घाईत चुकलं." मी म्हटलं, घाईत नाही चुकलं, विचार करून चुकलं. ते म्हणाले, "मंग विचार करूनच येते ना आता." मला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं.

सुनावणीच्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं येते आहे. पॅनल जड आहे, स्टेशनवर हमाल बघेन. तू थेट चौकशीच्या ऑफिसात ये. मी माझ्या बाजूची खुर्ची धरून ठेवते. घाबरू नकोस. काय बोलायचं ते आधीपासून पाठ करून येऊ नकोस, एवढंच, तू पाठ केलंस की खोटं वाटतं.

आणि ते झालं की खाली टपरीवर चहा घेऊ. पुढचं पुढे.

दीपमाला


अमरावती,
२५ जानेवारी २०२५

कुलदीप,

तू आलास. दिलेला शब्द पाळलास, असंच म्हणावं लागेल.

मी खुर्चीवर पर्स ठेवून बसले होते. तू आत आलास, इस्त्रीचा शर्ट, माझ्याकडे पाहून किंचित मानही हलवलीस, आणि पलीकडे महादेवरावांच्या वकिलाशेजारी जाऊन बसलास. मला तेव्हाही वाटलं, जागा चुकली असेल. मी पर्स उचलून तुला खूण केली. तू मोबाइल काढलास. एवढी मूर्ख मी आयुष्यात कधी दिसले नसेन.

पॅनल तर मी लावलंच. तू समोर होतास, तरी लिहिते, कारण तू बहुतेक वेळ खाली बघत होतास. वॉल्व्हच्या जागी बल्ब जोडला आणि 'उघड' असा हुकूम रांगेत ठेवला. डोमाजींना वॉकरवरून आणलं होतं. चावी काढून त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती खिशात घातली, सगळ्यांनी पाहिलं. मेन स्विच बंद केला. परत चालू केला. बल्ब लागला. साहेब म्हणाले, परत करा. परत लागला. मग साहेब स्वतः उठले आणि त्यांनी स्विच पाडला नि वर केला. नत्थुजी मागच्या बाकावरून मोठ्यानं म्हणाला, "पाहा सायेब!" त्याला शिपायानं गप्प केलं.

मग साहेबांनी विचारलं, लाईट जाणार नाही असं रिपोर्टात मानलं कोणी? मी तुझ्याकडे पाहिलं. तू उठलास. मला वाटलं, आता. तू म्हणालास, "सर, मी दीपमाला मॅडमना फोनवर विचारलं होतं. त्या नागपूरला होत्या. त्यांनी होकार दिला. सहीही त्यांचीच आहे." शुद्ध भाषेत, एकही शब्द न अडखळता. पाठ करून आला होतास.

बाबांचं छातीचं हाड तारेनं बांधलेलं होतं तेव्हा तू फोन केला होतास. त्या फोनमध्ये तू काय बोललास ते आपल्या दोघांनाच माहीत आहे आणि तू तोच फोन वापरलास. इतर काहीही वापरायचं होतंस.

मी उठून ओरडणार होते. शब्द तोंडात आले होते. खण, डोंगल, पिन, टूलनं दाखवलेली वाट, तुझा आवाजी मेसेज, सगळं माझ्याकडे होतं. तेवढ्यात तो वकील उठला. किती गोड बोलतो रे तो माणूस. म्हणाला, दोन भागीदारांत वाद दिसतो आहे, तेव्हा हा तांत्रिक विषय मुंबईच्या तज्ज्ञ समितीकडे पाठवावा, आणि समितीचं उत्तर येईपर्यंत आधीचा निष्कर्ष कायम ठेवावा. आधीचा म्हणजे डोमाजी आणि नत्थुजी खोटारडे. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "मॅडम, तुमचा वाद आहे का?"

तेव्हा मला समजलं की तुला तिथं आणलं होतं ते यासाठी. मी भांडावं म्हणून. मी भांडले असते तर तू खोटं बोलतोस हे कधीतरी सिद्धही झालं असतं, वर्षानं, दोन वर्षांनी. डोमाजींना उभं राहवत नव्हतं. इंदूबाई एका हातानं त्यांचा वॉकर धरून होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडून काही अपेक्षाच नसल्यासारख्या दाराकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "सही माझी आहे. त्याबद्दल माझा वाद नाही. प्रोग्राम चुकीचा आहे आणि चावी डोमाजींच्या खिशात होती. एवढं लिहा आणि आजच लिहा."

मी खोटं बोलले नाही. सही माझीच आहे. तू होकाराचं जे सांगितलंस त्याला मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. साहेबांनी दोन-तीनदा विचारलं, मी तेच वाक्य सांगत राहिले. वकिलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तुझाही. तुला वाटलं होतं मी ओरडेन. इतकी वर्षं मला ओळखत होतास म्हणून तर तुला आणलं त्यांनी.

काल कागद आला. डोमाजी आणि नत्थुजी निर्दोष, दोघंही कामावर परत, डोमाजी चालायला लागले की. उपचार कंपनीकडे. आपली फर्म काळ्या यादीत. आपली म्हणजे माझी, तू तर केव्हाच गेलास. सिद्धता करणाऱ्याचा निष्काळजीपणा असं माझ्या नावापुढे लिहिलं आहे. नीलम मॅडमचा फोन आला होता. त्यांनी कुठूनतरी ऐकलं. म्हणाल्या, तुझ्याकडून असं कसं झालं गं? मी म्हणाले, झालं मॅडम. त्यांनी फोन ठेवला.

राजापेठेतली आपली ऑफिसची खोली मी सोडते आहे. घरमालक केशवराव भले माणूस आहेत, म्हणाले राहू द्या अजून थोडे दिवस, पण कशाला? इथल्या कामांना आता माझी सही चालणार नाही. पुण्यातल्या जुन्या कंपनीला विचारलं आहे. इतक्या वर्षांनी नव्या पोरांच्या हाताखाली बसावं लागेल. बसेन.

खारखेडचा नवा प्रोग्राम तुमची कंपनी लिहिणार आणि तो तुझ्याकडे आहे, असंही कळलं. मला हसूही आलं नाही. पण पुढची दिवाळी येईल, टाकी परत धुतली जाईल आणि आत उतरणारा माणूस तोच असेल. म्हणून सोबतच्या पाकिटात दुरुस्ती पाठवते आहे. प्रोग्राम सुरू होताना चावी बाहेर आहे असंच धरायचं आणि वॉल्व्ह बंद ठेवायचा, स्वतः वाचून खात्री होईपर्यंत. लाईट गेली की रांगेतले जुने हुकूम फेकून द्यायचे. टाकी भरण्याची सिद्धता त्यानं मोडते, तीही मी नव्यानं मांडून दिली आहे. लाईट हवी तितक्या वेळा जाईल असं मानून केली आहे. सगळं हिरवं आहे. तू स्वतः चालवून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

हे तुझ्यासाठी करत नाहीये. तू हे तुझ्या नावानं दे, मला चालेल, त्यात एकही ओळ वाढवू नकोस म्हणजे झालं. लोक म्हणतात मी मोठ्या मनाची, भागीदाराला सांभाळून घेतलं. अकोल्यात तूही तसंच सांगत असशील. म्हणून स्पष्ट लिहिते. तुला मी सांभाळलं नाही. मला डोमाजींचं नाव सोडवायचं होतं आणि त्यात तुझंही सुटलं. त्याला दुसरा इलाज नव्हता. असता तर मी तो केला असता, कुलदीप, आणि तुझ्याकडे मान वर करून पाहिलंही नसतं.

दीपमाला